ओदिलियाबाईचे अकरा साक्षीदार

ओदिलिया कुस्पोका ही बाई लबाड आहे, असं मी तिचं तोंडही न बघता ठरवलं होतं. ठरवायला मला सहा मिनिटं लागली. त्यातलं एक कॉफी ओतण्यात गेलं.

माझं कामच ते होतं. तुन्हा शहरात तिसऱ्या मजल्यावरची खोली, खांद्यावर रुआना म्हणजे आमच्याकडची लोकरीची घोंगडी, पायाशी मावशीचं मांजर आणि समोर कॉम्प्युटर. राजधानीतली एक कंपनी इंटरनेटवर छोट्या धंद्यांची पानं चालवायची. गॅरेजवाला, बेकरीवाला, दातांचा डॉक्टर, शिंपी, असा कुणाचाही धंदा असो, लोक त्याच्या पानावर आपला अनुभव लिहायचे. तो अनुभव खऱ्या गिऱ्हाइकाचा की मालकाच्या मेव्हण्याचा, हे मी ओळखायचं. शंभरातले तीस तर मेव्हण्यांचेच असतात. एकदा दात पांढरे करून देणाऱ्या एका दुकानाचे दोनशे अभिप्राय मी एका दुपारी उघडे पाडले होते. तेव्हापासून माझे साहेब रामिरो मला ‘आमचं नाक’ म्हणायचे. मलाही ते आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, मी चारचौघांत सांगत फिरायचे.

बनावट ओळखायची लक्षणं ठरलेली होती. सगळे अभिप्राय एकाच दिवशी आलेले. एकाच फोनवरून आलेले. वाक्यं एकाच साच्यातली. तारे पाचपैकी पाच. आणि लिहिणाऱ्यानं जन्मात दुसरीकडे कुठे काही लिहिलेलं नाही. पाचही जुळली की अभिप्राय काढून टाकायचे आणि पानावर लाल पट्टी लावायची: ‘या व्यवसायाचे अभिप्राय बनावट आढळले आहेत.’ पण पट्टी लावण्याआधी लिहिणाऱ्यांपैकी तिघांना, त्यांनी नावासोबत दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, असा नियम होता.

चिवासोता गावच्या ‘कुस्पोका, कृत्रिम पाय’ या पानाची पाचच्या पाच लक्षणं जुळली. अकरा अभिप्राय, एकच रविवार, एकच फोन. आणि भाषा तर अशी:

‘मी, फिदेल चापारो, राहणार वरचा शिवार, उजवा पाय कोळशाच्या खाणीत गेलेला, मिळालेल्या कृपेबद्दल सर्वांसमक्ष आभार मानतो. आता मी बटाट्याच्या रानात उभा राहतो.’

‘मी, सेनायदा मेसा, राहणार नदीकाठ, डावा पाय साखरेनं गेलेला, मिळालेल्या कृपेबद्दल सर्वांसमक्ष आभार मानते. आता मी गाय स्वतः दोहते.’

असे अकरा. मला हसू आलं. नवस फेडल्यासारखं लिहिलंय की, मी मनात म्हटलं, बाईनं एका बैठकीत अकरा भक्त पैदा केलेत. शुक्रवार होता, साडेचार वाजले होते. त्या डोंगरात फोन लागतच नाही, हे मला ठाऊक होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. फिदेल, सेनायदा आणि इसाईयास नावाचा एक, या तिघांच्या नावांपुढे मी लिहिलं, ‘फोन केला, उचलला नाही.’ तीनदा तेच. मग लाल पट्टी लावली आणि खाली भाजी आणायला गेले.

नंबर मी फिरवलेच नव्हते.

दोन महिन्यांनी माझ्या एर्मिंदा मावशीचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. साखर. मावशीनं तीस वर्षं बसस्टँडाबाहेर मक्याच्या भाकऱ्या भाजून विकल्या, आणि त्या तीस वर्षांत तिच्या जिभेवर कुणी मात केली नव्हती. सरकारी पायाला आठ महिन्यांची रांग होती. मलमपट्टीच्या रांगेत तिला कुणीतरी सांगितलं की चिवासोत्यात एक बाई पाय करते.

“बघ गं निदिया तुझ्या त्या इंटरनेटवर,” मावशी म्हणाली. “काय म्हणतात लोक तिच्याबद्दल?”

मी पान उघडलं. माझीच लाल पट्टी माझ्याकडे बघत होती.

“वाईट लिहिलंय, मावशी.”

“कुणी?”

“साइटवाल्यांनी.”

“त्यांचा कुठला पाय तुटलाय?”

मी पान बंद केलं.

“मग त्यांना काय कळतंय? उद्याची गाडी बघ.”

चिवासोत्याला बसनं दोन तास लागतात. धुकं एवढं होतं की ड्रायव्हर हॉर्नवरच गाडी चालवत होता. कारखाना म्हणजे देवळामागची एक लांबोडकी खोली. आत चामड्याचा, सरसाचा आणि चुलीच्या धुराचा वास. मधोमध एक बुटकी बाई, डोक्यावर पुरुषाची फेल्ट हॅट, दातांत चामड्याची वादी धरून बसलेली. आरीनं भोकं पाडून पाडून तिचा उजवा अंगठा चमच्यासारखा चपटा झाला होता.

वादी तोंडातून काढून ती डोंगराकडच्या आदराच्या हाकेनं म्हणाली, “या सुमेर्से, बसा. पाय दावा. आं हां, त्यो न्हवं. धड हाय त्यो आधी.”

“धड पायाला काय झालंय?” मावशी.

“त्याला काय व्हतंय! पर दुसरा त्याच्या मापाचा नको व्हय? जोडीदार बघताना आधी पोरगी बघत्यात का न्हाई?”

“माझ्या वेळी नाही बघितली. म्हणून तर तो पळाला.”

दोघी अशा हसल्या की जणू शाळेपासूनच्या मैत्रिणी. ओदिलियाबाईनं मावशीच्या पायावरून एक चामड्याची पट्टी फिरवली, जागोजागी नखानं खुणा केल्या. मी पाठीमागे उभी होते. करायला काही नाही म्हणून भिंतीकडे वळले.

भिंतीवर देवीची तसबीर, तिच्यासमोर दिवा. खाली खुंट्यांना जुन्या कुबड्या टांगलेल्या, काही लाकडाच्या, काही लोखंडी, एक तर नुसती झाडाची दुबेळकी फांदी. प्रत्येक कुबडीला एक पुठ्ठा बांधलेला, आणि पुठ्ठ्यावर कुठे पेननं, कुठे कोळशानं लिहिलेलं:

‘मी, फिदेल चापारो, राहणार वरचा शिवार, उजवा पाय कोळशाच्या खाणीत गेलेला, मिळालेल्या कृपेबद्दल…’

त्यापुढे सेनायदा. त्यापुढे इसाईयास. मी मोजले नाहीत. मला ती वाक्यं पाठ होती.

आणि हे मला कळायला भिंत दिसावी लागली, हीच तर लाजेची गोष्ट. माझं बालपण असल्याच गावात गेलं. आमच्याकडे कृपा झाली की ती चारचौघांत कबूल करावी लागते, नाहीतर ती परत घेतली जाते. आणि कबुलीचे शब्द ठरलेले असतात. नाव, गाव, काय गेलं, काय मिळालं. शब्द बदलायचे नाहीत. बदलले तर देवी म्हणेल, हा कोण बोलतोय? मी शाळेची परीक्षा पास झाले तेव्हा माझ्या आईनं पितळेची पाटी करून देवळात ठोकली होती, ‘मी, ब्लांका पिराकोका, मुलीची आई, मिळालेल्या कृपेबद्दल सर्वांसमक्ष…’ म्हणजे त्या शुक्रवारी मला हसू आलं होतं ते अनोळखी भाषेचं नव्हतं. ओळखीचीच भाषा, शहरात येऊन मी तिला गावंढळ म्हणायला शिकले होते.

गुळाचं गरम पाणी आलं, सोबत चीजचा तुकडा. पेल्यात चीज बुडवत ओदिलियाबाई स्वतःबद्दल सांगायला लागली. मावशीनं विचारलं म्हणून नव्हे. माप घेताना माणूस अवघडतो, त्याला बोलण्यात गुंतवायची ही तिची रीत असावी.

तिचा बाप खोगिरं शिवायचा. नवव्या वर्षी तिच्या हातात आरी आली. भाऊ बेलार्मिनो कोळशाच्या खाणीत. खाण बसली, त्यात त्याचा पाय गेला. मोठ्या दवाखान्यानं नवा पाय दिला, गुलाबी, गुळगुळीत.

“त्यो पाय फरशीसाठनं केल्याला,” ती म्हणाली. “आमच्यात फरशी कुठली? रान सगळं उतरंडीवर. आठवड्यात तीनदा गडी तोंडावर पडला. चवथ्यांदा पाय काढला आन् दिला डुकराच्या खुराड्यात भिरकावून. डुकरानं वादी खाल्ली. म्या त्यो उचलला, धुतला आन् खोलला. आत बघतीया तर काय, घोट्याला हालायला जागाच न्हाई! आता गाढवाच्या खोगिराला बी आम्ही हालायला जागा ठेवतो.”

मग तिनं खोगिराचं चामडं घेतलं, आत मेंढीची लोकर लावली, अक्रोडाच्या लाकडाचा घोटा केला, ट्रकच्या टायरचा तळ लावला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा बेलार्मिनो नांगरामागे चालला. ते बघून बाजूच्या शिवारातला एक आला. मग दोघं. मग तिला कुणीतरी म्हणालं, बाई, हे शिकल्याशिवाय करणं गुन्हा आहे. पन्नाशीला आलेली बाई शहरात जाऊन पोरांच्या बाकावर दोन वर्षं बसली आणि प्रमाणपत्र घेऊन आली. ते चौकटीत होतं, पण देवीपासून लांब, चुलीच्या बाजूला, काळं पडलेलं.

“लग्न?” मावशीनं विचारलं. मावशी हे विचारतेच.

“एक आला व्हता. चांगला व्हता गडी. पर त्याचं दोनी पाय धड. माझ्याजोगं त्यात कामच काय व्हतं?”

मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. मग ती डोळे पुसत म्हणाली, “एवढं सगळं असताना ते इंटरनेटवाले का हो तुम्हाला लबाड म्हणतात, दोन्या ओदिलिया?” आमच्याकडे मानाच्या बाईला ‘दोन्या’ म्हणतात.

बाईचा हात थांबला.

“काय सांगू! शहरातल्या सिस्टर एदिल्मा हायत, बिशपच्या कचेरीतल्या. ज्यांच्याकडं काय बी न्हाई त्यांना त्या पाय देत्यात. वर्साला चाळीस माणसं माझ्याकडं धाडायच्या. माझी चूल त्याच्यावर. त्या म्हनाल्या, आता समितीत शिकल्याली माणसं आल्यात, ती इंटरनेटवर बघत्यात. तुमच्या लोकांना तिथं लिवायला सांगा. आता आमच्या लोकांना फोनवर लिवता कुठं येतंय? इंटरनेट तेवढं तिओफिलोच्या दुकानात मिठाच्या पोत्यांपाशी येतंय. रविवारी देवळातली मिस्सा झाल्यावर अकराच्या अकरा जण रांगेत हुबं ऱ्हायलं, आन् तिओफिलोनं त्यांच्या पुठ्ठ्यावरचं जसंच्या तसं आपल्या फोनवर उतरवलं. फिदेल तर सदरा बदलून आला व्हता. म्हनला, फोटू काढत्यात का?”

“मग?”

“मग काय! कुणी शहाण्यानं समदं पुसलं आन् वर लाल पट्टी मारली. सिस्टर म्हनाल्या, माझा इश्वास हाय ओदिलिया, पर समितीचा न्हाई. म्हैन्याच्या आखरीला यादी करत्यात. पट्टी ऱ्हायली तर माझं नाव जाणार.”

एक दिवस, एक फोन, एक साचा. रविवार म्हणजे बाजार आणि मिस्सा, लोक डोंगरावरून उतरतात तो एकच दिवस. हे मला कुणी सांगायला नको होतं.

आणि तेवढ्यात माझी मावशी, देव तिचं भलं करो, छाती फुगवून म्हणाली, “अहो, मग चिंता कसली? ही माझी भाची त्याच कामात आहे! तिथे तिला ‘नाक’ म्हणतात नाक! ती शोधून काढेल तो शहाणा कोण ते.”

ओदिलियाबाईनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

“व्हय गं पोरी? मग एवढंच इचार त्याला. अकरा जणांतल्या एकाला तरी फोन केला व्हतास का रं बाबा?”

“विचारते,” मी म्हणाले.

परतीच्या गाडीत मावशी ओदिलियाबाईच्या गोष्टी पुन्हापुन्हा सांगत होती आणि मी खिडकीच्या काचेवर बोटानं रेघा मारत होते. घरी आल्यावर मांजरानं पायाशी अंग घासलं तर मी त्यालाच ओरडले.

पुढच्या गुरुवारी पाय घालून बघायला पुन्हा गेलो. मधल्या सहा दिवसांत मी तीनदा साहेबांना लिहायला बसले आणि तीनदा उठले. लिहिणार काय? की संशय बरोबर होता, लक्षणं बरोबर होती, फक्त मी खोटं लिहिलं?

मावशीला पाय बांधून बाई म्हणाली, “हुबं ऱ्हावा.” मावशी उभी राहिली. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला तोल गेला, बाईनं काखेत धरलं. “टाचंला जरा तासायला पायजे,” म्हणून तिनं पाय सोडवला, मांडीवर घेतला आणि कानस चालवत सहज विचारलं,

“इचारलंस गं पोरी त्या शहाण्याला?”

मावशी माझ्याकडे कौतुकानं बघत होती. तिच्यासमोर नको होतं मला. पण आता न बोलणं म्हणजे पुन्हा एकदा ‘फोन केला, उचलला नाही’ लिहिणंच होतं.

“ती मीच, दोन्या ओदिलिया,” मी म्हणाले. “पट्टी मीच लावली. तिघांना फोन करायचा होता. नाही केला. केला म्हणून लिहिलं.”

कानस चालूच राहिली. मावशीचं तोंड उघडं. मावशीचं तोंड उघडं असून त्यातून शब्द न येणं हे मी जन्मात एकदाच बघितलं, ते तेव्हा.

“दोन्या…”

“आता बोलू नगंस,” बाई शांतपणे म्हणाली. “तुझ्या मावशीचा पाय व्हवू दे. हातात हत्यार आसताना म्या रागावत न्हाई. लाकूड वाकडं उतरतंय.”

पाऊण तास ती टाच तासत बसली. मी पाऊण तास उभी. मग पुन्हा पाय बांधला, मावशी खोलीभर चालली, दाराला हात लावून परत आली. बाईनं कानस पुसून खुंटीला लावली, बादलीत हात धुतले, रुआन्याला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या खांद्याला लागत होती ती जेमतेम.

“तुझी आई कुठली?”

“पलीकडच्या खोऱ्यातली. साबानाची.”

“म्हंजी तुला ठावं व्हतं आमी कसं लिवतो ते.”

“हो.”

“दुसरी कुणी आसती, त्या राजधानीतली, तर म्हनले आसते, तिला काय कळतंय बिचारीला.” ती फळीकडे गेली, तेलकट वही काढली. “ह्यात समद्यांचं नंबर हायत. किती जणांना करायचा व्हता फोन? तीन?”

“तीन.”

“आता अकरा कर.”

मावशी गाडीत पूर्ण दोन तास माझ्याशी बोलली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, “तुझ्या आईनं पाटी ठोकली होती. काढून आणायला पाहिजे.”

शुक्रवारी सकाळपासून मी फोन लावले. सेनायदाबाई म्हणाली, गाय दोहतेय, लवकर बोल. मागे चरवीत धार वाजत होती. इसाईयासला वाटलं मी काहीतरी विकतेय, त्यानं शिव्या दिल्या, मग ओदिलियाचं नाव ऐकून दहा मिनिटं तिचंच गुणगान केलं आणि शेवटी पुन्हा एक शिवी दिली, कारण आधी दिलेली पुरली नाही असं त्याला वाटलं. एकीनं विचारलं, “ताई, तुम्ही आमचं का पुसलंत? आम्ही काही चुकीचं बोललो का?” त्यापेक्षा शिवी बरी. दहा जण लागले. सगळे पहिल्या-दुसऱ्या घंटीला. फिदेल चापारोचा तेवढा लागला नाही.

मी साहेबांना सगळं लिहून पाठवलं. पाचच मिनिटांत रामिरोंचा फोन.

“अगं निदिया, एवढं रामायण कशाला? चूक झाली, पट्टी काढून टाकतो, अभिप्राय परत लावतो. संपलं. फोनबिनचं तू काही लिहिलं नाहीस आणि मी काही वाचलं नाही.”

“थँक यू, सर.”

“नाक कधीतरी चोंदतं गं,” म्हणून ते हसले.

मलाही सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला वाटलं, झालं, फिटलं.

सोमवारी ओदिलियाबाईबरोबर मी सिस्टर एदिल्मांकडे गेले. बाईनं ठेवणीतली काळी हॅट घातली होती. सिस्टर वाळक्या, उंच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी कॉम्प्युटरवर पान बघितलं. पट्टी गेली होती, अकराही नावं परत आली होती.

“लागली का होती, आणि गेली कशी?” त्यांनी विचारलं.

“कंपनीची चूक झाली होती, सिस्टर,” मी म्हणाले.

“कसली चूक? समितीत मला उद्या हेच विचारणार. काल लबाड होती, आज साधी झाली. ते म्हणतील, बाईनं कुणाला तरी धरून पट्टी काढून घेतली. मग आधीपेक्षा वाईट. इथे आम्ही माणसाला पायावर उभं करतो, पोरी. लबाडाच्या पायावरून तो पडला तर त्याला उचलायला ते इंटरनेट येणार नाही.” चष्म्यावरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “ज्यानं चूक केली त्यानं काय केलं ते लिहून सही करावी. नाव-गावासकट. मग मी समितीसमोर ठेवीन.”

मी बाहेर जाऊन रामिरोंना फोन केला. त्यांचा आवाज बदलला.

“सही करून बाहेर कागद द्यायचा? कंपनी फोन न करता पट्ट्या लावते असं लेखी? निदिया, तू सही केलीस तर मी तुला ठेवू शकत नाही. ही धमकी नाही, मी आधीच सांगतोय.”

व्हरांड्यात ओदिलियाबाई बाकावर बसली होती, हॅट मांडीवर. तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी ढकलता आलं असतं.

मी आत गेले. लिहिलं. लिहायला बसले तर शब्द आपोआप ओळीनं आले. मी, निदिया पिराकोका, राहणार तुन्हा, अमुक तारखेला तीन माणसांना फोन केला असं लिहिलं, तो केला नव्हता. सिस्टरांनी वाचलं, शिक्का मारला. “यादीत नाव राहील,” त्या म्हणाल्या. माझ्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी ओदिलियाबाईला म्हणाले, “दोन्या, मला माफ…”

“त्याला आजून येळ हाय,” ती हॅट डोक्यावर दाबत म्हणाली. “फिदेल ऱ्हायलाय.”

“त्यांचा फोन लागत नाही.”

“लागायचा न्हाई. जाऊन ये.”

शनिवारी मी गेले. काम सुटलंच होतं, वेळ होता. तिथे इंटरनेट नसणार म्हणून फिदेलचा अभिप्राय मी कागदावर छापून घेतला होता, मोठ्या अक्षरांत. वरचा शिवार म्हणजे चिवासोत्याहून दीड तासाची चढण. घर मातीचं, पत्र्याचं, अंगणात कांद्याच्या जुड्या. एक म्हातारी बाई जुड्या बांधत होती. तिच्या काळ्या शालीवरून मला समजलं, पण मी तरी विचारलं.

“फिदेल चापारो इथेच राहतात?”

“ऱ्हात व्हता,” ती म्हणाली. “त्याची बायकू मी, रोसाल्बिना. फुफ्फुसानं गेला. म्हैना झाला.”

मी कागद पुढे केला. ती म्हणाली, वाचून दाव. मी वाचला. ‘आता मी बटाट्याच्या रानात उभा राहतो’ हे वाक्य त्या अंगणात, खाली बटाट्याची उतरंड दिसत असताना, मला नीट पुरं करता आलं नाही.

“म्हंजी परत लावलं,” ती म्हणाली. “त्याला लई लागलं व्हतं ते. स्पेनमधल्या पोराला सांगितलं, बघ, तुझ्या बापाचं नाव जगभर लागलंय. पोरानं बघितलं तर न्हाई. वर लिवल्यालं की खोटं हाय. पोरगा हसला. हसण्यावारीच न्हेलं त्यानं, पर ह्यो म्हनायचा, माझा पाय खोटा आसंल, मी न्हाई.” तिनं जुडीला गाठ मारली. “कुणी पुसलं व्हतं, कळलं का?”

“मी पुसलं.”

तिचे हात थांबले नाहीत. पुढची जुडी घेतली.

“फोन करायचा व्हतास की.”

“हो.”

“त्या दिवसांत फोन सदऱ्याच्या खिशात ठिवूनच झोपायचा. पोराचा येतोय का म्हनून. उचलला आसता.”

मी उभीच. तिनं मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आमच्याकडे वैऱ्यालाही पाणी विचारतात. थोड्या वेळानं ती आत गेली, मला वाटलं दार लावून घेणार. बाहेर आली ती एक पाय घेऊन. बूट तसाच होता त्याला, नाडी बांधलेली, चिखल वाळलेला.

“ह्यो ओदिलियाला न्हिऊन दे. कुणाच्या तरी उपयोगी येईल. मला उतरून जायला गुडघं न्हाईत.”

मी तो घेतला. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता. उतरणीला तो कधी काखेत, कधी खांद्यावर, कसा धरावा ते कळेना. शेवटी लेकरासारखा दोन्ही हातांनी छातीशी धरला. वाटेत कांदे घेऊन चाललेल्या बायका भेटल्या, त्यांनी पायाकडे बघितलं आणि छातीवर क्रुसाची खूण केली. गावात शिरले तर तिओफिलोच्या दुकानासमोर बसलेल्या एकानं ओरडून विचारलं, “ओ बाई, तिसरा कशाला?” सगळे हसले. मग कुणीतरी तो बूट ओळखला असावा, कारण हसणं मध्येच तुटलं.

ओदिलियाबाईनं पाय माझ्या हातून घेतला, उजेडात नेला. कुठे होता, कसा मिळाला, काही विचारलं नाही. बूट काढला. पाय उलटा करून अंगठ्यानं तळ चाचपला. टायर बाहेरच्या कडेनं झिजून आतला दोरा दिसत होता.

“उतरंडीला राबलाय,” ती म्हणाली. “आसं झिजायला चार वर्सं लागत्यात. रोज.”

मग तिनं पक्कड घेतली, स्टुलावर बसली आणि मला समोरच्या बाकड्याकडे बोट केलं.

“बस. धर हिकडनं. तळ काढायचाय.”

मी बसले, पाय मांडीवर घेतला, घोटा दोन्ही हातांनी पकडला. खिळे जुने होते, गंजून लाकडात रुतलेले. एकेक खिळा उपसताना पाय माझ्या मांडीवर आपटत होता.

“घट्ट धर की,” ती म्हणाली. “अजून लई हायत.”